आठव्या अल्बमचे मुरलीभाऊ

जळगावात मे महिन्यात रस्त्यावरचं डांबर वितळून चपला चिकटतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण एका मे महिन्यात अजिंठा रोडवरच्या एका दुकानापुढे दोन माणसं भर दुपारी एका परदेशी ड्रमरवरून इतका वेळ भांडत उभी राहिली, की शेवटी चपला तिथेच सोडून त्यांना अनवाणी सावलीत पळावं लागलं, असं मी सांगितलं की लोक म्हणतात, हा फेकतो. फेकत असेन. पण एक जोड माझा होता. दुसरा मुरलीभाऊंचा होता, आणि त्यातल्या एका चपलेचा अंगठा अजूनही त्या डांबरात आहे, असा माझा दावा आहे. कोणी खोदून बघावं. मुरलीभाऊ मात्र आता नाहीत.

मुरलीधर बऱ्हाटे. मूळ रावेरकडचे, केळीवाल्या घरातले. घरच्यांनी नाव मुरलीधर ठेवलं, पण बासरीचा सूर कानावर पडला की यांचं डोकं उठायचं. धंदा मोटार रिवाइंडिंगचा. विहिरीतली नाहीतर बोअरची मोटार जळाली की शेतकरी ती खांद्यावर टाकून यायचा. भाऊ तिच्या पोटातली काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढायचे आणि वेढ्यावर वेढा घालत नवी भरायचे. दुकानात वॉर्निशचा वास, भिंतीवर देवीचं कॅलेंडर आणि कोपऱ्यात, कपाटाएवढे दोन स्पीकर. ते सुरू झाले की भिंतीवरच्या पाली शेजारच्या टायरवाल्याकडे राहायला जायच्या. टायरवाला तक्रार घेऊन यायचा, ती पालींबद्दल.

त्या स्पीकरवर एकच बँड वाजायचा. ‘टिन ऑर्चर्ड’. कुठल्याशा थंड, सदा ओल्या परदेशी गावातल्या पोरांनी काढलेला. जाणकार त्याला अल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात. म्हणजे गोंगाट सगळा असतो, पण नाचता येत नाही. ती पोरं आता आजोबा झालीत, तरी बँड चालूच आहे. भाऊंच्या तरुणपणी इंजिनिअरिंगच्या होस्टेलमधला कोणी मुलगा टेपरेकॉर्डर दुरुस्तीला टाकून गेला आणि न्यायला आलाच नाही. आत कॅसेट होती. तिथून हे लागलं. गिऱ्हाइकांसाठी भाऊंनी बँडच्या नावाचं मराठी केलं होतं: पत्र्याची बाग.

“आज काय लावलं, भाऊ?”

“पत्र्याची बाग.”

“मंग आमची केळीची बाग कवा भिजन?”

“एवढं गानं होऊ दे भो. तुह्या बागेले कुठी गाडी पकडायची हाये?”

आणि शेतकरी बसून राहायचा. सावद्याचा एक जण तर शपथेवर सांगायचा, की भाऊंनी गाणी ऐकत भरलेली मोटार विहिरीत सोडली तर पाणी तालात येतं. मी स्वतः त्या पाण्यात पाय धुतलेत. ताल नव्हता, पण पाणी चिडलेलं वाटलं खरं.

अख्ख्या खानदेशात या बँडचे चाहते चार, आणि चौघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. भाऊ एक. डॉ. सोनवणे, दाताचे डॉक्टर, दुसरे. शब्द तोलून बोलणारे. तिसरा दोंडाईच्याचा प्रकाश, मिरचीचा व्यापारी. तो रविवारी पॅसेंजरने यायचा, आणि त्याच्या सदऱ्यातली मिरची अशी, की तो दुकानात शिरण्याआधीच आम्ही शिंकायला लागायचो. चौथा मी, सरकारी कचेरीतला कारकून. दर रविवारी सकाळी अर्धं शटर खाली ओढून आम्ही बसायचो आणि भांडायचो.

भांडणाचा विषय ठरलेला. पहिले पाच अल्बम वादाबाहेर. “ते लग्नातले फोटो हायेत,” भाऊ म्हणायचे. “लग्नाच्या फोटोत समदेच देखने दिसतात. मानूस पाहायचा तं दुकान बंद करून घरी जातानी पाहा.” पाचव्यानंतर मूळचा ड्रमर भांडून निघून गेला, जगाने बँडवर पाणी सोडलं, आणि आमचं सगळं सुरू झालं तिथून. उत्तरार्धातला श्रेष्ठ अल्बम कोणता? डॉक्टर सहाव्याचे. प्रकाश सातव्याचा, ज्यात व्हायोलिनचं एवढं वऱ्हाड आहे की ऐकताना जेवायला पान मांडावंसं वाटतं. भाऊ आठव्याचे. मी नोकरदार माणूस, माझी बदली होत राहायची, कधी सहाव्यावर, कधी आठव्यावर. आणि नववा? नवव्यात ड्रम माणसाने नाही, मशीनने वाजवलेत. नववा आम्ही शिवीसारखा वापरायचो. कोणी फारच वाह्यात बोललं की भाऊ म्हणायचे, “हे तं नववं बोलला.”

आठवा अल्बम, भाऊंच्या म्हणण्यानुसार, त्या लोकांनी एका रिकाम्या गोदामात बसून केला. पैसा संपलेला, ड्रमर गेलेला, त्याच्या जागी कोणी नाही, गायकाचा आवाज बसलेला. “त्याहीले कोनी इचारत नव्हतं. तरी बी वाजवलं. कायले वाजवलं? मले सांग, कायले?” एवढं म्हणून ते टेस्टरने टेबलावर ठोकायचे आणि आमच्यापैकी कोणीतरी उलटं काही बोलेपर्यंत थांबायचे. बोलायला उशीर झाला तर तो टेस्टर वर धरूनच उभे राहायचे. उलट उत्तर आलं की चेहरा असा उजळायचा, जणू भारनियमनात लाइट आली.

सोनवणे डॉक्टरांच्या खुर्चीतली गोष्ट तर शहरात सगळ्यांना माहीत आहे, कारण मीच सांगत फिरलो. भाऊंची दाढ काढायची होती. डॉक्टरांनी सुई टोचली, जबडा बधिर केला, तोंडात कापूस कोंबला आणि मग संधी साधून शांतपणे म्हणाले, “भाऊ, सहाव्यापुढे आठवा म्हणजे रियाझ न केलेल्या माणसाची तालीम वाटते.” भाऊ खुर्चीतून उठले. गळ्यात तो निळा प्लॅस्टिकचा रुमाल, ओठ एका बाजूला लोंबतोय, शब्द फुटत नाही. हातवारे करत त्यांनी अख्खा आठवा अल्बम गाण्यांच्या क्रमाने उलगडून दाखवला. बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले, आणि एका म्हाताऱ्याने तर हात जोडले. दाढ काढू न देताच भाऊ घरी आले आणि डॉक्टर शब्द मागे घेत नाहीत तोवर ती हलती दाढ तशीच तोंडात सांभाळत बसले. डॉक्टरांनी शब्द मागे घेतला नाही. शेवटी दाढ वैतागून आपली आपण पडली.

पण भाऊंच्या खऱ्या विरोधी पक्षनेत्या घरात होत्या. नलूवहिनी. त्यांना गाण्यातलं काही कळत नाही असं त्या स्वतःच सांगायच्या, आणि मग जे बोलायच्या त्याने आम्ही चौघे गप्प व्हायचो. हिवाळ्यात भाऊंच्या भावाच्या शेतात भरिताची पार्टी असायची. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला टाकलेली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्पीकर, आणि आम्ही आठव्यावर असे पेटलेलो की वांग्यांचा कोळसा झाला. वहिनी चिमट्याने एकेक वांगं उलटत म्हणाल्या, “तुमच्या त्या आठव्याचा आवाज ना, इहिरीतलं पानी सरल्यावर मोटार हवा वढते तसा येतो. घोंऽऽ. नुसती हवा.”

आम्ही भाऊंकडे बघितलं. वाटलं, आता स्फोट. भाऊंनी स्पीकर बंद केला, वहिनींच्या समोर उकिडवे बसले आणि म्हणाले, “कोन्या गान्यात?”

“समद्यात.”

“समद्यात नाही. तिसऱ्यात नाही.”

“तिसऱ्यात त सगळ्यात जास्त.”

वांगी जळत राहिली. त्या दिवशी आम्ही भाकरी आणि मिरचीच्या ठेच्यावर भागवलं, आणि हे नवरा-बायको जळगावला परत येईपर्यंत जीपमध्ये तिसऱ्या गाण्यावरून भांडत होते. उतरताना भाऊ माझ्या कानात म्हणाले, “ऐकते रे भो ती. तुमच्याहून बारीक ऐकते.” एखाद्याला बायकोने सोन्याची अंगठी केली असती तरी तो इतका फुलला नसता.

वहिनी गेल्या. थोड्याच दिवसांचं आजारपण. इथे मला काही चढवून सांगता येत नाही. प्रयत्न करून पाहिला.

तेरावं झालं त्या दिवशी डॉक्टरांनी प्रकाशला आणि मला अंगणात बाजूला घेतलं. म्हणाले, “भाऊंचं बीपी फार वर आहे. आता त्यांच्याशी वाद नको. जरा गोडीने घ्या.” प्रकाशने डोळे पुसले. “मना काय शे, मी सातवा सोडी देस,” तो म्हणाला. सातवा सोडणं म्हणजे प्रकाशसाठी घरची पेढी सोडण्यासारखं होतं. आम्हाला तेव्हा तो फार मोठा त्याग वाटला.

पुढच्या रविवारी भाऊंनी अर्धं शटर ओढलं, आठवा लावला, टेस्टर टेबलावर ठोकला. “बोला.”

डॉक्टर म्हणाले, “भाऊ, खरं सांगायचं तर आठवाच.”

प्रकाश म्हणाला, “हा, भाऊ. बठ्ठास्मां भारी आठवाच शे. मी उगाच टेक धरी बसनू व्हतू.”

मी म्हणालो, “माझा तर प्रश्नच नव्हता.”

भाऊंनी आमच्या तोंडाकडे एकेक करून पाहिलं. मग उठले आणि स्पीकरचा आवाज कमी केला. इतक्या वर्षांत तो कधी कमी झालेला मी पाहिला नव्हता. “बरं,” म्हणाले. चहा आला. चहा पितानाचे फुरके ऐकू येत होते. भिंतीवर एक पाल आली आणि खुशाल बसली.

आम्हाला वाटलं, माणूस निवला. आम्ही दर रविवारी गोडीने घेत राहिलो. भाऊ खडे टाकून बघायचे. म्हणायचे, सहावा तर कचरा आहे. डॉक्टर मान डोलवायचे. मग अचानक सातव्याच्या व्हायोलिनचं कौतुक करायचे. प्रकाश म्हणायचा, नाही भाऊ, आठव्याची सर नाही. एकदा तर त्यांनी थेट प्रकाशच्या मालावर हात घातला. “तुही मिरची तिखट नाही राहिली, प्रकाशशेठ. लहान पोरं खेळतात तिच्याशी.” दोंडाईच्याच्या माणसाला हे बोलणं म्हणजे काय! प्रकाशचे कान लाल झाले. पण तो म्हणाला, “तुम्ही म्हणतस तं तसं व्हई, भाऊ.”

मग सकाळी सकाळी फोन यायला लागले. मी दाढी करत असायचो.

“भो, एक काम कर. आठवा फालतू हाये असं म्हन.”

“असं कसं म्हणू भाऊ? आठवा चांगलाच आहे.”

“अरे एक डाव म्हन ना. तुह्यं काय जातं?”

“भाऊ, तुम्ही आराम करा. जेवलात का रात्री?”

फोन बंद. नंतर कळलं, डॉक्टरांना आणि प्रकाशलाही ते हेच विचारत होते.

फक्त आम्हीच नाही, सगळं गावच त्यांच्याशी गोड झालं होतं. भाजीबाजारात त्यांनी वांग्यांचा भाव मुद्दाम निम्म्याने पाडून मागितला. मी सोबत होतो. वांगी विकणारी बाई म्हातारी, तिखट, भावावरून पोलिसांशी भांडलेली. ती म्हणाली, “घ्या भाऊ, असेच घ्या. तुमच्यावर काय वेळ आली.” भाऊंनी हातातली वांगी एकेक करून परत टोपलीत ठेवली आणि रिकामी पिशवी घेऊन चालायला लागले. तीच गोष्ट दुकानात. त्यांच्या हातून भरलेली मोटार पहिल्यांदाच आठवड्यात जळून परत आली. शेतकऱ्याला म्हणाले, “माही चूक हाये. शिव्या दे.” तो बिचारा म्हणाला, “जाऊ द्या भाऊ, होतं कधी कधी.” भाऊंनी त्याच्यासमोर हात जोडले. “अरे, दे ना रे.” तो घाबरून मोटार तिथेच टाकून गेला.

काही दिवसांनी दुकानाचं शटर पूर्ण खाली आलं. धुळ्याहून बहीण, सिंधूअक्का, येऊन भाऊंना घेऊन गेल्या. स्पीकर टायरवाल्याने चादर टाकून झाकून ठेवले.

अक्कांचा फोन आला तेव्हा पावसाळा सरत आला होता. “भिंतीकडे तोंड करून पडेल असतो रे दिवसभर. दोन घास खात नाही. इथला डॉक्टर म्हनतो आजार काही नाही. तुमी ते भांडन करत व्हते ना? ते करून जा बरं एखाद्या डाव.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी डॉक्टरांना फोन केला, प्रकाशला केला. मग ठरलं की मी जायचं आणि आठव्याला शिव्या घालायच्या.

जळगावहून धुळ्याची एसटी धरली. वाटेत मुद्दे पाठ करायचे म्हणून कानात आठवा लावला. पण एरंडोलला गाडी थांबली, शेंगदाणेवाला अंगावर चढला, माझा अंगठा मोबाईलवर कुठेतरी पडला आणि नववा सुरू झाला. बंद करणार होतो. पण एसटीच्या सगळ्या खिडक्या खडखडत होत्या, आणि त्या खडखडाटात ते मशीनचे ड्रम असे काही बसले, की पारोळा आलं कधी आणि गेलं कधी ते कळलं नाही. कोरडं, थकलेलं, न थांबणारं काहीतरी. मी ते परत लावलं. धुळं येईपर्यंत आठव्याचे मुद्दे पार विसरलो होतो.

देवपुरातल्या घरात मधल्या खोलीत भाऊ पडले होते. पाठ इतकी बारीक झालेली, की बनियनची पट्टी खांद्यावर राहत नव्हती. मी खुर्ची ओढली आणि गर्जना केली, “भाऊ, आठवा म्हणजे भिकार! बेसूर! गोदामातले उंदीर बरे गातात!”

पाठ हलली नाही. भिंतीतूनच आवाज आला. “बस्स कर भो. पाठ करून आल्यासारखं वाटते.”

मी खुर्ची जरा मागे घेतली.

“नली उलटं बोले ना, ते खरं बोले. तिले खरंच हवा ऐकू ये. मग मले सांगा लागे का हवा नाही, दम हाये. सांगता सांगता मलेच समजे. आता मी म्हनतो ते समद्यायले पटते. मंग मी बोलू कायले? इकडून बोललो का तिकडून नुसतं ‘हो’ येते. मी मेल्यावानी बोलता रे तुमी समदे माह्याशी.”

अक्कांनी आणलेला चहा गार झाला. परतीच्या गाडीची वेळ झाली. मी पिशवी उचलली आणि निघता निघता, त्यांना उठवायला वगैरे नाही, नुसतं मनात होतं म्हणून बोलून गेलो.

“भाऊ, रागावू नका. येताना नववा ऐकला. मला आवडला.”

मी उंबऱ्यापर्यंत गेलो.

“काय आवडला?”

“नववा.”

“मशीनचे ड्रम?”

“तेच जास्त आवडले.”

पाठ वळली. दाढी वाढलेली, डोळे खोल. ते माझ्याकडे असं रोखून बघत राहिले, जसे जळालेल्या मोटारीला मीटर लावून काट्याकडे बघायचे. मी खोटं बोलतोय का, एवढंच तपासत होते.

“सहाव्यापरीस चांगला?”

“आठव्यापेक्षा चांगला, भाऊ.”

“तुह्यं डोकं फिरलं,” भाऊ म्हणाले, आणि उठून बसले.

“माणूस सोडून गेला, तर त्यांनी दुसरा माणूस आणला नाही. त्याच्या जागी मुद्दाम मशीन ठेवलं. ती जागा रिकामी आहे हे ऐकू यावं म्हणून.”

“गप! रिकामी जागा दाखवाले मशीन कायले लागते? रिकामी ठेवा लागते! आठव्यात ठेवली ना त्याहीनं!”

“आठव्यात गायक त्या जागेवर रडतो. नवव्यात रडत नाही.”

“म्हनजे रडनं वाईट?”

“मी ऐकलं ते सांगतो.”

“तुले ऐकाले कान हायेत का केळीचे घड?”

अक्का दारात पदर तोंडाला लावून उभ्या. भाऊंनी पायात चपला सरकवल्या, एक स्वतःची, एक अक्कांच्या नातवाची, आणि बनियनवरच माझ्यामागे निघाले. देवपुरापासून बसस्टँडपर्यंत आम्ही भांडत गेलो. रिक्षावाले थांबून बघायचे. पांझरेच्या पुलावर त्यांना दम लागला, कठड्याला धरून उभे राहिले, श्वास आला की पहिला शब्द, “मशीन!” मला भीती वाटत होती आणि मी थांबत नव्हतो, कारण मला खरंच त्यांचं पटत नव्हतं. अजून पटत नाही.

नंतर अक्कांनी फोनवर सांगितलं, की त्या संध्याकाळी भाऊंनी वांग्याचं भरीत मागितलं, पोटभर जेवले आणि नातवाकडून मोबाईलवर नववा लावून घेतला. “चुका काढाच्या हायेत,” म्हणाले. दोन-तीन दिवस ऐकत होते. मग एका सकाळी उठले नाहीत. चुका सापडल्या होत्या की नव्हत्या, यावर डॉक्टर, प्रकाश आणि मी अजून भांडतो. आता खरं भांडतो.

पण मला दिसतात ते बसस्टँडवरचे भाऊ. मी खिडकीत बसलोय, काच अडकलेली, काही केल्या सरकत नाही. गाडी सुटली. भाऊ बाजूने चालायला लागले, मग जवळजवळ पळायला, तळहाताने एसटीचा पत्रा बडवत. त्यांना काहीतरी नवं सुचलं होतं. ते त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं, भारनियमनात लाइट आल्यासारखं. ओठ भराभरा हलत होते. इंजिनाच्या घरघरीत एक अक्षर मला ऐकू आलं नाही. मी काचेला कान लावला, ओरडलो, “काय? काय, भाऊ?” कंडक्टर माझ्यावर ओरडला. फाटकापाशी गाडी वळली, आणि धुरात, दोन वेगळ्या चपलांवर उभे राहून, बोट माझ्याकडे रोखून भाऊ अजून बोलतच होते.